वीणा खाली ठेवायची नाही

अलकावहिनींना फक्त एक तारीख हवी होती, आणि नेमकी तीच रोहिणीकडे नव्हती.

पुण्यातल्या हृदयपेशी संशोधन केंद्राच्या त्या खोलीत चौघं जण होते. पलंगावर भानुदास खतोडे, आंबेदरी गावचा पिठाच्या गिरणीचा मालक. त्याच्या शेजारी त्याची बायको अलका, मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलेली, जणू ती सोडली तर नवराही हातचा जाईल. समोर केंद्राच्या प्रमुख डॉक्टर नंदिता बर्वे. आणि खिडकीपाशी, मुद्दाम कुणाच्याच बाजूला न बसता, भानुदासची धाकटी बहीण रोहिणी. ती याच केंद्रात संशोधक होती. आज मात्र तिला वाटत होतं, आपण दुसरं काहीही असतो तर बरं झालं असतं.

थंडीत एका सकाळी गिरणीचा पट्टा चढवताना भानुदासला झटका आला होता. जीव वाचला, पण हृदयाच्या डाव्या कप्प्याचा मोठा भाग मेला आणि तिथे नुसता वण उरला. वण आकसत नाही की ढकलत नाही, चपलेला लावलेल्या ठिगळासारखा जागा तेवढी धरून राहतो. सात गावांची दळणं उचलणारा हा माणूस आता घराच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबत होता.

आपल्या अंगात बहुतेक ठिकाणी पेशी मेल्या की शेजारच्या पेशी एकाच्या दोन होतात आणि जागा भरून काढतात. दोन होण्याआधी पेशीला एक मोठं काम उरकावं लागतं: आपल्याजवळच्या डीएनएची, म्हणजे घडणीच्या सगळ्या मजकुराची, पुरी नक्कल. डीएनएचे दोन पदर एकमेकांना धरून असतात. ते उसवायचे आणि प्रत्येक पदरासमोर त्याचा नवा जोडीदार गुंफत जायचा. हे करणारं प्रथिनांचं यंत्र एकाच दिशेने चालतं, पदर मात्र एकमेकांच्या उलट दिशांचे असतात. म्हणून एका पदराची नक्कल सरळ धावते, आणि दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी होते. ते तुकडे मागाहून सांधले जातात. अक्षर चुकलं की यंत्र मागे सरकून ते खोडतं आणि बरोबर लिहितं. आणि मजकुराच्या प्रत्येक भागाला एका फेरीत नकलेचा परवाना एकदाच मिळतो. दोनदा मिळाला तर पेशीचा कारभारच कोलमडेल.

हृदयाच्या स्नायूपेशी हा परवाना आपल्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत जवळजवळ टाकून देतात. त्यांचाही नाइलाज असतो. दोन होताना पेशीला आकसण्याचे आपले धागे सोडून ठेवावे लागतात, म्हणजे तेवढा वेळ ठोक्याचं काम बंद. चोवीस तास चालणाऱ्या हृदयाला अशी रजा कशी परवडणार? त्यामुळे एकदा मेलेला भाग मेलाच, असं माणसं पिढ्यान्पिढ्या धरून चालली होती.

नंदिताबाईंच्या केंद्राने हा समज मोडला होता. चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत एक निरोप भरून तो हृदयाच्या पेशींपर्यंत पोचवायचा. निरोप एवढाच: एकदा नक्कल कर, एकदा दोन हो, आणि कामावर परत ये. मग निरोप आपोआप विरून जायचा. प्रश्न उरला होता तो रजेचा. सगळ्या पेशी एकदम रजेवर गेल्या तर हृदय थांबेल. म्हणून पाळ्या हव्यात. या पाळ्या कशा लावायच्या यावर केंद्रात दोन पद्धती होत्या आणि दोन्हींना माणसांवर वापरायची परवानगी मिळालेली होती.

पहिली नंदिताबाईंची, घड्याळाची. छातीवरची पट्टी हृदयाच्या एकेका भागाला ठरलेल्या वेळी इशारा द्यायची. हा भाग आता रजेवर, तो भाग आता परत. सगळं कसं वेळापत्रकाबरहुकूम. किती दिवसांत संपणार, तेही आधीच सांगता यायचं. बऱ्याच रोग्यांना तिचा गुण आला होता. फक्त दोघांची हृदयं मध्येच अडखळली होती. दोघंही वाचले, कारण दोघंही दवाखान्यात होते.

दुसरी पद्धत रोहिणीची. तिला मुळात पटलंच नव्हतं की सगळ्या पेशींची नक्कल एका वेळात उरकते. वणाजवळच्या पेशींचा मजकूर जागोजागी खराब झालेला असतो. तिथे यंत्र अडतं, खोडतं, पुन्हा लिहितं, आणि अशा पेशीला उशीर होतो. ती परतलेली नसतानाच घड्याळ पुढच्या गटाला रजा देऊन मोकळं होतं. म्हणून रोहिणीने निरोपातच एक कुलूप बसवलं होतं. शेजारची पेशी ठोक्याला परत लागली आहे, हे कळल्याशिवाय ते उघडायचं नाही. हृदयावर ताण वाढला तरी उघडायचं नाही. घड्याळ नाही, वेळापत्रक नाही. पुढची आली तर मागची सुटणार.

या पद्धतीला तिने प्रयोगशाळेत नाव दिलं होतं 'पहारा'. परदेशी मंडळींसमोर हे नाव कसं उच्चारायचं म्हणून नंदिताबाईंनी तिची पुष्कळ थट्टा केली होती. पण आंबेदरीत वाढलेल्या मुलीला दुसरं नाव सुचणं शक्य नव्हतं. दर चैत्रात तिथे मारुतीच्या देवळात सप्ताह बसायचा. सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असायची आणि मुखात नाम. ज्याचा पहारा संपायचा तो पुढच्याच्या पाया पडायचा, उराउरी भेटायचा, वीणा त्याच्या गळ्यात घालायचा आणि मगच मोकळा व्हायचा. पुढचा आला नाही तर मागचा उभा राहायचा. वीणा जमिनीला टेकवायची नाही, एवढा एकच नियम तिथे कुणी कुणाला शिकवत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे.

"मॅडमच्या औषधात दिवस ठरलेले आहेत," अलकावहिनी म्हणाल्या. "तुमच्यात का नाहीत, ताई?"

रोहिणीने समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिची पद्धत सावकाश चालते. किती सावकाश, ते दादाचं हृदयच ठरवणार. आजवर मोजक्याच माणसांना ती दिली आहे, सगळी बरी झाली, पण कुणी लवकर, कुणी फार उशिरा. दादाने आपली पद्धत निवडू नये, असंच तिला मनातून वाटायला लागलं होतं. काही बरंवाईट झालं तर गाव म्हणेल, बहिणीने भावावर प्रयोग केला. आणि गावाचं सोडा, ती स्वतः आरशात कशी बघणार होती?

भानुदास पलंगावर सावरून बसला. मग त्याने नंदिताबाईंनाच विचारलं, "घड्याळवाल्यात एखादी पेशी उशिरा आली, तर पुढची थांबती का?"

"नाही थांबत," नंदिताबाई सरळ म्हणाल्या. "म्हणून आम्ही वेळ सढळ धरतो."

"आन् हिच्यात?"

"हिच्यात थांबते. पण भानुदासराव, मग सगळं लांबतं. दोन्हीकडे काही ना काही सोडावं लागतंच."

"लांबू द्या," भानुदास म्हणाला. "हिचंच करा."

वहिनींनी पिशवी उचलली आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्या रोहिणीशी थेट बोलेनाशा झाल्या. चहा घ्या म्हणायचं असलं तरी नर्सकरवी निरोप यायचा.

थेंब दिले गेले. छातीवर या वेळी नुसती पाहण्यापुरती पट्टी होती; तिच्यावरून येणारं हृदयाचं चित्र रोहिणीच्या फोनवर दिसायचं: कामावरच्या पेशी लाल, रजेवर गेलेल्या निळ्या. पहिले काही दिवस चित्र नुसतं लालभडक होतं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुलूप उघडतच नसेल तर? मग एका दुपारी वणाच्या कडेला एक निळा ठिपका लागला. तो बराच वेळ तसाच राहिला, विझला, आणि त्याच्या शेजारी दुसरा लागला. रोहिणी धावत दादाच्या खोलीत गेली. तो सफरचंद सोलत बसला होता. पहिला वीणेकरी परत आला, एवढंच तिने सांगितलं. त्याने निम्मं सफरचंद तिच्यापुढे धरलं.

आठवडे गेले. वणाची कड उन्हाळ्यातल्या डबक्यासारखी आत आत सरकू लागली. भानुदास एक जिना न थांबता चढला, मग दोन. तरीही काम अर्ध्यावरच होतं, आणि चैत्र उजाडला. सप्ताहाला गावी जायचं म्हणून त्याने हट्ट धरला. नंदिताबाईंनी अटी घातल्या. ओझं उचलायचं नाही, उन्हात फिरायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, आणि रोहिणीने सोबत राहायचं. भानुदासने सगळ्याला मान डोलावली. पहारा या वर्षी नाही, नुसतं बसून ऐकणार, असं त्याने बायकोच्या देखत कबूल केलं. ते त्याने मनापासूनच कबूल केलं होतं, हे नंतरही कुणी नाकारलं नाही.

घोटाळा केला तो एका बसने.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी गावातल्या एका मुलाचं लग्न घाटापलीकडे होतं. तरणी आणि मधल्या वयाची सगळी पुरुषमंडळी सकाळीच वऱ्हाडाच्या बसने गेली. दुपारच्या पहाऱ्याचे वीणेकरीही त्यांच्यातच होते. जेवून वेळेवर परततो म्हणाले होते. ही बस नव्या धर्तीची, चालकाशिवाय चालणारी. परतताना घाटात धनगराची मेंढरं रस्त्यावर सावलीला बसली होती. माणूस असता तर खाली उतरून हुर्र करून मोकळा झाला असता. बस मात्र सौजन्याने थांबली आणि थांबूनच राहिली. दारं उघडेनात. आत नव्या कपड्यांतलं अख्खं वऱ्हाड घामाने निथळत मेंढरांकडे बघत बसलं.

इकडे देवळात वीणा होती विठोबाअण्णांच्या गळ्यात. ऐंशीच्या घरातले अण्णा आपला पहारा संपवून पुढच्याची वाट बघत उभे होते. त्यांचे गुडघे थरथरू लागले. देवळात दुसरं होतं तरी कोण? मागच्या पडवीत बायका संध्याकाळच्या भाकरी थापत होत्या. ओट्यावर दोन-चार लहान मुलं खेळत होती. आणि खांबाला टेकून, बायकोने घातलेल्या घोंगडीवर, भानुदास बसला होता.

बायकांनी वीणा घ्यावी हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आंबेदरीत तशी मनाई नव्हती. पण आजवर कुणी मागितली नव्हती, म्हणून कुणी दिली नव्हती. अण्णा तोल जाऊन भिंतीला टेकले. भानुदास उठला, त्यांच्या पाया पडला, आणि त्याने वीणा आपल्या गळ्यात घेतली.

रोहिणी तेव्हा घरी होती. जेवून जरा आडवी झाली होती. फोन थरथरला म्हणून तिने पाहिलं तर हृदयावरचा ताण वाढला होता, वाढतच होता. दादाने फोन उचलला नाही. ती तशीच अनवाणी निघाली. भर दुपारी तापलेल्या रस्त्यावरून पळताना तिच्या मनात एकच विचार होता. काही पेशी आत्ता रजेवर आहेत. धागे सोडून, मजकूर उसवून बसल्या आहेत. त्यांना अर्ध्यातून बोलावता येत नाही. त्यात आणखी गेल्या तर संपलं. मेंढ्यांवर केलेल्या चाचण्या, आखलेले आलेख, सगळं तिला त्या क्षणी पोरखेळ वाटलं. झोपलेल्या माणसावर कुलूप टिकतं हे तिला माहीत होतं. भर उन्हाळ्यात इतका वेळ उभ्या माणसावर टिकतं का, हे पाहायची हिंमत अजून कुणी केली नव्हती.

देवळाच्या पायरीवर ती थबकली. आत दादा उभा होता. डाव्या खांद्याशी वीणा, बोटं तारेवर, नाम चालू. कपाळावर घाम होता, पण उन्हाळ्यात तो सगळ्यांच्याच असतो. पडवीच्या दारात अलकावहिनी पिठाच्या हातांनी चौकट धरून उभ्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या, रडत नव्हत्या. नवऱ्याकडे नुसत्या टक लावून बघत होत्या.

दोन पावलांत पुढे जावं, वीणा ओढून घ्यावी, जमिनीवर ठेवावी आणि दादाला आडवं करावं. रोहिणीच्या हातांनी ते करायचंच ठरवलं होतं. पण आधी तिने फोनकडे पाहिलं.

निळे ठिपके कमी होत होते. एक विझला. थोड्या वेळाने दुसरा. अर्ध्यात असलेल्या पेशी घाई न करता, नक्कल पुरी करून, दोन होऊन, ठोक्याला परत येत होत्या. आणि त्यांच्या जागी कुणीही नवीन रजेवर जात नव्हतं. कुलूप उघडत नव्हतं. ताण वाढलाय हे पेशींना कळलं होतं, आणि जिची पाळी होती तीसुद्धा जागेवरच उभी होती. शेवटचा निळा ठिपका विझला. सगळं हृदय लाल झालं. दादाच्या हृदयातली एकूण एक पेशी, जुनी आणि या दोन महिन्यांत जन्मलेली नवी, वीणा घेऊन उभी होती.

रोहिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतकी वर्षं मेंढ्यांच्या, उंदरांच्या, काचेच्या बशीतल्या पेशींच्या मागे घालवली होती. घड्याळ लावलेलं असतं तर आत्ता या क्षणी पुढचा गट ठरल्या वेळी रजेवर गेला असता, दादा उभा आहे की पडलाय हे न बघता. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं, आणि ती देवळात, अण्णांच्या समोर, खरंच हसली. "औषध थांबलंय, दादासाठी थांबलंय," ती मोठ्याने म्हणाली.

"दम लागतोय का?" तिने जवळ जाऊन विचारलं.

नाम सोडून बोलता येत नाही. भानुदासने नुसती मान हलवली. नाही.

पण म्हणून त्याला असंच उभं ठेवायचं का? कुलूप धरून होतं, हे खरं. मात्र ते धरून होतं तोवर नव्या पेशी घडत नव्हत्या. वण होता तेवढाच राहणार होता. बस कधी येईल याचा नेम नव्हता, आणि पुढचा आल्याशिवाय दादा वीणा सोडणार नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. कारण तीही याच गावची होती. तिचं सगळं शास्त्र याच एका नियमातून निघालं होतं. मग पुढचं कोण, हा प्रश्न शास्त्राचा उरलाच नव्हता.

तिने फोन ओट्यावर ठेवला, ओढणी खांद्यावरून कमरेला बांधली, आणि ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, पुढचा पहारा माझा."

भानुदासचं नाम थांबलं नाही, पण त्याची नजर भिंतीशी बसलेल्या अण्णांकडे गेली. अण्णा धाप टाकत होते. त्यांनी एकदा रोहिणीकडे पाहिलं, एकदा पडवीतल्या बायकांकडे.

"बघतो काय, भानू," ते म्हणाले. "तिच्या पाया पड आन् दे."

मोठा भाऊ धाकट्या बहिणीच्या पायांशी वाकला. तिला संकोचाने मागे सरावंसं वाटलं, पण ती सरली नाही. तो नमस्कार तिला नव्हताच, पहाऱ्याला होता. मग तो तिला उराउरी भेटला. त्याच्या छातीवरची पट्टी तिच्या खांद्याला टोचली आणि पट्टीच्या आतले ठोके तिला थेट ऐकू आले, भरीव, घाई नसलेले. त्याने वीणा तिच्या गळ्यात घातली. तिचं बोट तारेवर पडलं, तिच्या तोंडून नाम निघालं, आणि मगच त्याने हात काढून घेतला. नाम एका क्षणासाठीही तुटलं नव्हतं.

भानुदास घोंगडीवर जाऊन आडवा झाला. तेव्हा कुठे पडवीच्या चौकटीवरचे हात सुटले. अलकावहिनींनी आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, पदराने त्याचा घाम पुसला, आणि मग त्या रोहिणीसमोर येऊन उभ्या राहिल्या. पुण्यातल्या त्या खोलीनंतर पहिल्यांदाच त्या तिच्याकडे सरळ बघत होत्या.

"मला काही कळलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "पण तुमचं औषध थांबलं होतं ना? ते उभे होते तेवढा वेळ?"

रोहिणीने मान डोलावली. हो.

"त्यांना सांभाळायला थांबलं होतं."

हो.

वहिनींनी एकदा वळून नवऱ्याकडे पाहिलं. पिठाने भरलेले हात त्यांनी लुगड्याला पुसले, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

"आता तारीख नको मला," त्या म्हणाल्या. "सावकाश होऊ द्या. आन् तुमच्यानंतर वीणा माझ्याकडं द्या."

मागे पडवीत भाकरी थापायचा आवाज कधीच थांबला होता. एक एक करून बायका हात धुऊन आत येत होत्या आणि भिंतीला लागून बसत होत्या. वहिनींच्या मागे कुणाचा पहारा, मग तिच्या मागे कुणाचा, हे त्या आपापसात हलक्या आवाजात ठरवत होत्या. घाटातली बस आज आली काय आणि उद्या आली काय, वीणा आता खाली टेकणार नव्हती.

रोहिणीला दोन्ही हात गुंतल्यामुळे फोन पाहता येत नव्हता. वहिनींनीच तो ओट्यावरून उचलला आणि तिला दिसेल असा तिच्यासमोर धरला. लालभडक हृदय शांतपणे आकसत होतं, सैलावत होतं. खांबापाशी दादाचे डोळे मिटत आले होते. त्याचा श्वास लांब होत गेला, फोनवरची ताणाची रेघ खाली खाली आली.

आणि मग वणाच्या अगदी कडेला, जिथे पेशींची रांग इतका वेळ थांबून राहिली होती तिथे, एक निळा ठिपका लागला.